बाळंतिणीच्या पोटातली कळ 'पित्त' म्हणून अंगावर काढू नका



आपल्या घरात एखादी बाई म्हणाली, "मला पित्त झालंय," तर तिला नेमके काय होते आहे हे कोणालाच कळत नाही. छातीत जळजळले तरी पित्त. आंबट ढेकर आली तरी पित्त. उन्हातून येऊन डोके दुखले आणि उलटी झाली तरी पित्त. अंगावर लाल गांधी उठल्या तरी पित्त. आणि पित्ताशयात खडा अडकून बाई रात्रभर गुडघे पोटाशी घेऊन तळमळली तरी तेही पित्तच. चार-पाच वेगवेगळ्या दुखण्यांना आपण एकच नाव दिले आहे आणि त्या एका नावाला एकच उपाय ठरवला आहे : दुकानातून एक गोळी आणायची, वर थंड दूध प्यायचे आणि कामाला लागायचे.

गरोदर बाई आणि बाळंतीण यांच्या बाबतीत ही सवय फार महागात पडते. म्हणून या वेळच्या आरोग्याच्या पानावर पित्ताशयाच्या खड्यांविषयी लिहीत आहोत.

मैंदर्गीतल्या आमच्या वस्तीतली एक लेक. वय तेवीस, दुसरे बाळंतपण, माहेरी आलेली. बाळ वीस दिवसांचे असताना एका रात्री तिच्या उजव्या बरगडीखाली कळ सुरू झाली. आई म्हणाली, वातूळ काहीतरी खाल्लं असशील. ओव्याचा शेक दिला, हिंग लावला. दोन तासांनी कळ थांबली. आठ दिवसांनी पुन्हा आली. दवाखान्यात नेले, पित्ताचे इंजेक्शन मिळाले, बरे वाटले. असे पाच आठवड्यांत तीन वेळा झाले. तिन्ही वेळा इंजेक्शन आणि तिन्ही वेळा एकच वाक्य : "बाळंतपणानंतर पित्त वाढतंच." चौथ्या वेळी कळ थांबलीच नाही. थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले. घरातल्यांनी ठरवले की कावीळ उतरवणाऱ्याकडे न्यायचे. नाकात थेंब टाकतो, गळ्यात माळ घालतो, माळ वाढत गेली की कावीळ उतरली म्हणायची.

शेजारच्या आक्कांनी आम्हाला बोलावले म्हणून आम्ही पोहोचलो. आम्ही दोनच गोष्टी विचारल्या. लघवी कशी होते? चहासारखी. शौचाचा रंग? पांढुरका, मातकट. पुढे बोलत बसण्यात अर्थ नव्हता. त्याच संध्याकाळी तिला सोलापूरला हलवले. पित्ताशयातला एक बारीक खडा घसरून पित्ताच्या नळीत अडकला होता आणि वरून जंतुसंसर्ग झाला होता. तोंडावाटे दुर्बीण घालून नळीतला खडा काढला, ताप उतरल्यावर पित्ताशयाचे ऑपरेशन झाले. लेक वाचली. पण तीन आठवडे ती इकडे आणि तान्हे बाळ आजीकडे, बाटलीच्या दुधावर. आईचे दूध आटत आले ते पुन्हा आणायला पुढचा महिना गेला.

पहिल्या किंवा दुसऱ्या कळेला पोटाची सोनोग्राफी झाली असती, तर यातले बहुतेक टळले असते. आम्ही हे दुसऱ्यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. नर्सिंगचा डिप्लोमा करून वॉर्डात काम करत होतो तेव्हा आम्हीही अनेक बाळंतिणींना "पित्त आहे, ताई" म्हणून इंजेक्शन टोचले आहे आणि दुखते कुठे हे विचारायचे राहून गेले आहे. ती चूक आमच्या लक्षात आहे, म्हणूनच आज लिहितो आहोत.

पित्ताच्या पिशवीत काय होते?

आपले यकृत रोज पित्तरस तयार करते. हा हिरवट-पिवळा रस तेल-तुपाचे पचन करतो. जेवण नसते तेव्हा तो यकृताखालच्या एका छोट्या पिशवीत साठतो. तीच पित्ताची पिशवी, म्हणजे पित्ताशय. आपण स्निग्ध खाल्ले की ही पिशवी आकसते आणि रस नळीवाटे आतड्यात सोडते. पोटातले आम्ल वेगळे आणि हा रस वेगळा. जळजळीची गोळी आम्ल कमी करते, पिशवीतल्या खड्यावर तिचा काही उपयोग नाही.

दिवस राहिले की बाईच्या अंगात दोन संप्रेरके वाढतात. एकामुळे पित्तरसात कोलेस्टेरॉल जास्त उतरते. दुसऱ्यामुळे पिशवीचे आकसणे मंदावते. म्हणजे रस दाट झाला आणि तो साचूनही राहिला. विहिरीचा उपसा थांबला की तळाला गाळ बसतो, तसा पिशवीत गाळ बसतो. काहींच्या गाळाचे पुढे खडे होतात. जितकी बाळंतपणे जास्त तितका धोका वाढतो. ज्यांचे वजन आधीपासून जास्त आहे, ज्यांच्या आई-बहिणीला खडे आहेत, त्यांनाही धोका जास्त. पण वाळक्या, राबणाऱ्या बाईला खडे होतच नाहीत, हा समज खोटा आहे.

अमेरिकेत तीन हजारांहून जास्त गरोदर बायांची ठरावीक काळाने सोनोग्राफी करून एक अभ्यास झाला, तो २००५ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर चार ते सहा आठवड्यांपर्यंत दर शंभरातल्या सुमारे दहा जणींच्या पित्ताशयात गाळ किंवा खडे दिसले होते. त्यांतल्या बहुतेकींना काही त्रास नव्हता. अनेकींचा गाळ बाळंतपणानंतर आपोआप गेला. वर्षभरात ऑपरेशन करावे लागले ते शंभरात एकीपेक्षाही कमी जणींना. तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही. पण गरोदरपणात पोटाच्या ज्या तातडीच्या शस्त्रक्रिया कराव्या लागतात, त्यांत अपेंडिक्सच्या खालोखाल पित्ताशयाचाच नंबर लागतो, हेही खरे आहे. ज्या एकीला होते तिच्या घरावर काय येते, ते वर सांगितलेच.

"सोनोग्राफी झाली की!"

आम्ही कोणाला तपासणी सांगितली की पहिले उत्तर हे येते : "आठव्या महिन्यात सोनोग्राफी झाली की. सगळं नॉर्मल आहे म्हणाले." ताई, ती सोनोग्राफी बाळाची होती. बाळाचे ठोके, वाढ, पाणी, वार कुठे आहे, एवढेच तिच्यात पाहतात. पित्ताशय बघा असे डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ते बहुधा कोणी बघत नाही. शिवाय पित्ताशय नीट दिसायला सहा ते आठ तास उपाशी असावे लागते. जेवलेल्या बाईची पिशवी आकसलेली असते, तिच्यातला बारीक खडा नजरेतून सुटू शकतो.

म्हणून उजव्या बरगडीखाली कळ येत असेल तर स्पष्ट शब्दांत सांगा : "माझ्या पित्ताशयाची सोनोग्राफी लिहून द्या." ही तपासणी गरोदरपणात सुरक्षित आहे, तिच्यात क्ष-किरण नसतात. गरोदर बाईची सोनोग्राफी म्हटली की केंद्रावर एक फॉर्म भरून घेतात, त्याला भिऊ नका. तो गर्भलिंगनिदान रोखण्याच्या कायद्याचा भाग आहे. सोबत काविळीची आणि यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी.

ओळखायचे कसे?

पित्ताशयाची कळ बहुधा उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खड्ड्यात येते. ती पाठीत, उजव्या खांद्याच्या फऱ्याकडे सरकते. पुष्कळदा तेलकट जेवणानंतर तास-दोन तासांनी किंवा मध्यरात्री उठवते. अर्धा तास ते काही तास टिकते. मळमळ, उलटी होते. कूस बदलून, ढेकर देऊन, शौचाला जाऊन आराम पडत नाही. मग कळ जशी आली तशी निघून जाते आणि बाई सकाळी भांडी घासायला बसते. इथेच फसगत होते. थांबली म्हणजे बरी झाली असे वाटते. खडा मात्र आत तसाच असतो.

पुढचे काही दिसले तर सकाळची वाट पाहू नका, त्याच वेळी मोठ्या दवाखान्यात चला :

कळ पाच-सहा तास झाले तरी थांबत नाही.
थंडी वाजून ताप येतो.
डोळे पिवळे, लघवी चहासारखी, शौचाचा रंग पांढुरका.
पाणीसुद्धा पोटात ठरत नाही.
वरच्या पोटातली कळ आरपार पाठीत जाते आणि वाकून बसल्याशिवाय राहवत नाही. खडा घसरून स्वादुपिंडाला सूज आल्याची ही खूण असू शकते.

आणखी दोन गोष्टी प्रत्येक घराने पाठ कराव्यात. पहिली : पाचव्या महिन्यानंतर किंवा बाळंतपणानंतरच्या दिवसांत वरच्या पोटात दुखते आहे, सोबत डोके फुटते आहे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक येते आहे, तोंडा-हातावर सूज आहे, तर ते पित्ताशय नसून वाढलेला रक्तदाब असू शकतो. त्यात यकृताला सूज येते, झटके येतात आणि तासाभराचा उशीरही जीवावर बेततो. आधी बीपी मोजा. दुसरी : गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तळहात-तळपायांना खाज सुटते, रात्री वाढते आणि अंगावर पुरळ मात्र नाही. हे "उष्णता आहे" म्हणून सोडू नका. यकृतातले पित्त साकळल्याने असे होते आणि त्याचा बाळाला धोका असतो. रक्त तपासून घ्या.

आणि एक विनंती. गरोदर बाईने पोटदुखीसाठी दुकानातून दुखण्याची गोळी आणून खाऊ नये. डायक्लोफिनॅकसारखी औषधे, विशेषतः पाचव्या महिन्यानंतर, पोटातल्या बाळाला अपाय करू शकतात. इंजेक्शन घ्यायची वेळ आली तर "मी गरोदर आहे" किंवा "बाळ अंगावर पितंय" हे आधी सांगा.

काढा, माळ आणि लिंबू-तेल

"खडा पाडायचं औषध आहे," असे सांगणारे प्रत्येक आठवडी बाजारात भेटतात. इथे मूतखडा आणि पित्ताचा खडा यांची गल्लत होते. मूतखडा लहान असेल तर भरपूर पाणी पिऊन लघवीवाटे पडू शकतो. पित्ताच्या खड्याला ती वाट नाही. पाणी पिऊन तो वाहून जात नाही, पानफुटीची पाने खाऊन फुटत नाही. लिंबाचा रस आणि तेल पिऊन सकाळी शौचातून जे हिरवे गोळे पडतात, ते खडे नसून तेलाचे साबणासारखे गोळे असतात. उलट एवढे तेल एकदम पोटात गेले की पिशवी जोरात आकसते आणि खडा नळीत अडकण्याची भीती असते.

काविळीच्या माळेबद्दल तर आपल्या घरांत बोलायची गरज पडू नये. जे समाजमन दीक्षेच्या दिवशी अंगारे-धुपारे मागे टाकून बाहेर पडले, त्यांच्या लेकी-सुनांच्या गळ्यात आज कावीळ उतरवायची माळ का दिसते? याचे उत्तर अडाणीपणा नाही, असे आमचे मत आहे. माळ घालणारा घराजवळ आहे, तो लगेच बघतो, अरेतुरे करत नाही. दवाखाना लांब आहे आणि तिथे अर्धा दिवस रांगेत जातो, मजुरी बुडते. दवाखाना जवळ आणल्याशिवाय माळ तुटणार नाही. पण तोवर एवढे तरी करा : डोळे पिवळे दिसले की आधी रक्त तपासा. गरोदर बाईची कावीळ दूषित पाण्यातूनही येते, आणि शेवटच्या महिन्यांत त्या प्रकारची कावीळ आई-बाळ दोघांच्या जिवावर उठू शकते.

"पिशवी काढली" ही भीती

आपल्या बोलीत "तिची पिशवी काढली" म्हटले की गर्भाशय काढले, असाच अर्थ होतो. त्यामुळे डॉक्टर म्हणाले, "पित्ताची पिशवी काढावी लागेल," की बाईच्या पोटात गोळा येतो. सासू विचारते, "आता मूल होणार नाही का?" त्या लेकीनेही सोलापुरात आम्हाला हेच विचारले होते, नवऱ्याची नजर चुकवून, हळू आवाजात. एका शब्दाने केवढे भय घातले होते!

स्पष्ट सांगतो. पित्ताशय आणि गर्भाशय या दोन निरनिराळ्या पिशव्या आहेत. पित्ताशय काढल्याने पाळी जात नाही, मूल व्हायचे थांबत नाही, शरीर पोकळ होत नाही. यकृत पित्तरस बनवतच राहते, फक्त तो न साठता थेट आतड्यात उतरतो. सुरुवातीचे काही दिवस तेलकट खाल्ल्यावर पातळ होते, पुढे बहुतेकांना काहीच जाणवत नाही.

पण बाईची भीती निराधार आहे, असेही आम्ही म्हणणार नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायांची गर्भाशये गरज नसताना काढल्याच्या तक्रारी आल्या. तीन वर्षांत त्या जिल्ह्यात गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचे सरकारने २०१९ साली विधिमंडळात सांगितले. गरीब बाईच्या पोटावर लवकर सुरी चालते, हा अनुभव आपल्या समाजाचा आहे. म्हणून ऑपरेशनला आंधळा होकारही नको आणि आंधळा नकारही नको. नियम साधा आहे. खडे दिसले पण कधीच कळ आली नाही, तर बहुतेकदा ऑपरेशनची गरज नसते. गरोदरपणात नुसता गाळ दिसला तर बाळंतपणानंतर पुन्हा सोनोग्राफी करून बघतात. कळ वारंवार येते, पिशवीला सूज आली, खडा नळीत उतरला किंवा स्वादुपिंडाला सूज आली, तर मात्र ऑपरेशन हाच उपाय आहे. शंका असेल तर सोनोग्राफीचा कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. तो तुमचा हक्क आहे, त्यात कोणाचा अपमान नाही.

हे ऑपरेशन आता दुर्बिणीतून, तीन-चार बारीक छिद्रांतून होते. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची सुरुवात १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी केली. ध्यानात घ्या, सुरुवात झाली ती सरकारी रुग्णालयात, जिथे गरीब रुग्ण जातो तिथे. पोट कमी कापले तर हातावर पोट असलेला माणूस लवकर कामावर जातो, म्हणून या शस्त्रक्रियेची खरी गरज गरिबालाच आहे. मग पस्तीस वर्षांनंतर आपल्या बाईला ती "श्रीमंतांचं ऑपरेशन" का वाटते?

गरोदरपणातही हे ऑपरेशन करता येते. चौथ्या ते सहाव्या महिन्याचा काळ त्यासाठी सोयीचा मानतात, पण जिवावर बेतले तर इतर महिन्यांतही करतात. "बाळंत झाल्यावर बघू" म्हणून वारंवार येणारी कळ सोसत राहण्यातही धोका असतो, हे घरच्यांनी समजून घ्यावे. बाळंतिणीला ऑपरेशनसाठी बाळाचे दूध कायमचे तोडावे लागत नाही. नीट शुद्धीवर आल्यावर, डॉक्टरांना विचारून, बाळाला अंगावर घेता येते. मधल्या वेळेसाठी दूध वाटीत काढून ठेवावे. बाटली नको, वाटी-चमचा वापरा.

बाळंतिणीचे ताट

आपल्याकडे बाळंतिणीला डिंक, खोबरे, तूप घालून लाडू करतात. परवडत नसले तरी पोटाला चिमटा घेऊन लेकीसाठी करतात. त्यामागची माया आम्हाला कळते. पण जिला कळा येत आहेत तिच्या ताटात तूप-खोबऱ्याचा मारा नको. रश्श्यावरची तर्री बाजूला काढा, तळलेले टाळा, शेंगाचटणीवर तेल ओतू नका. याचा अर्थ तिला उपाशी ठेवा असा नाही. फार वेळ पोट रिकामे राहिले तरी पित्त साचते, आणि झपाट्याने वजन उतरले तरी खडे होतात. ज्वारीची भाकरी, वरण, मुगाची उसळ, पालेभाजी, उकडलेले अंडे, ताक, असे थोडे थोडे चार-पाच वेळा द्या. सर्वांना वाढून उरले तर खायचे, ही रीत बाळंतिणीच्या घरी तरी मोडा. खाण्याने खडा विरघळत नाही, पण कळा कमी होतात आणि तपासणीपर्यंतचे दिवस निभावतात.

पाळणा लांबवण्यासाठी गोळी घ्यायची असेल तर पित्ताशयाचा त्रास आहे हे सिस्टरांना आधी सांगा. माला-एनसारख्या गोळ्या अशा वेळी बहुधा टाळतात. तांबी किंवा दुसरे साधन विचारा.

सोय आहे, पण ती मागावी लागते

मैंदर्गीहून अक्कलकोट, तिथून सोलापूर सुमारे चाळीस किलोमीटर. दुखणारी बाई आणि तान्हे बाळ घेऊन एसटीने हा प्रवास करायचा, ही आपली खरी अडचण. म्हणून काय काय मागता येते ते लक्षात ठेवा.

गरोदर बाईसाठी दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. त्या दिवशी कळेबद्दल बोला. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, जो २०११ पासून सुरू आहे, सरकारी दवाखान्यात गरोदरपण, बाळंतपण आणि त्यानंतरच्या ४२ दिवसांतील गुंतागुंत यांसाठी औषधे, तपासण्या, रक्त आणि गाडी मोफत मिळायला हवी. गाडीसाठी १०२ आणि तातडीला १०८ फिरवा. आरोग्य विभागाच्या ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. सोलापूरचे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपले 'सिव्हिल', हे वैद्यकीय महाविद्यालयाचे असल्याने त्याचे नियम वेगळे आहेत. तिथे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल विचारा. ही योजना २ जुलै २०१२ रोजी जुन्या नावाने पहिल्यांदा काही मोजक्या जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होता. आज तिच्यात कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार आहेत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राला गाठा आणि विचारा : "हे ऑपरेशन योजनेत बसतं का? या दवाखान्यात होईल का, की दुसरीकडे?" भरती होण्याआधी आणि पैसे भरण्याआधी विचारा. फोन करायचा असेल तर १५५३८८.

आपल्या भागाची आणखी एक गोष्ट. माहेर महाराष्ट्रात आणि सासर कर्नाटकात, किंवा त्याच्या उलट, अशा लेकी आपल्याकडे घरोघरी आहेत. तपासणी एका राज्यात, बाळंतपण दुसऱ्या राज्यात, आणि कागद भलत्याच घरात ट्रंकेत. बाई मराठीत 'पोट दुखतंय' म्हणो की कन्नडमध्ये 'होट्टे नोवू', दवाखान्यात पहिल्यांदा विचारतात ते कागद. माहेरी येताना माता-बाल कार्ड, सोनोग्राफीचे सगळे कागद आणि आधार ओटीच्या सामानाबरोबर नव्हे, ओटीच्या सामानाआधी पिशवीत ठेवा.

आमचे म्हणणे

बाळंतपण झाले की सगळ्यांचे लक्ष बाळाकडे जाते. आशाताई दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत सहा वेळा घरी येतात, बाळाचे वजन करतात, ताप बघतात. दीड महिन्याला बाळाला लस मिळते. या सगळ्या भेटींत आईला एकच प्रश्न विचारला जावा : "ताई, जेवणानंतर किंवा रात्री पोटात कळ येते का?" याला ना यंत्र लागते, ना पैसा. हा प्रश्न माता-बाल कार्डावर छापून यावा, ही आमची पहिली मागणी. तालुक्याच्या दवाखान्यात आठवड्याला ठरलेल्या दिवशी पोटाची सोनोग्राफी व्हावी आणि तो दिवस दाराबाहेर लिहिलेला असावा, ही दुसरी. ग्रामसभा, नगरपरिषद, रुग्ण कल्याण समिती, जिथे बोलायला मिळेल तिथे या दोन गोष्टी मांडा.

बाबासाहेबांनी जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार बायांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे देशाच्या हिताचे आहे, आणि त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. आपण त्यांच्या जयंतीला मोठी मिरवणूक काढतो. त्या मिरवणुकीतल्या एका डीजेच्या भाड्यात किती बाळंतिणींची सोनोग्राफी होईल, हा हिशोब प्रत्येक मंडळाने एकदा मांडावा.

सरकारकडे मागायचे आणि आपणही करायचे. वर्षावासात आपल्या बाया रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचनाला जमतात. वाचन संपल्यावर दहा मिनिटे द्या. वस्तीत कोण गरोदर आहे, कोण ओली बाळंतीण आहे, कोणाला कळ आली, एवढेच विचारा. रात्री गाडी कोण देईल, सोबत कोण जाईल, घरच्या मोठ्या लेकराला कोण सांभाळेल, अशी चार नावे फळ्यावर लिहून ठेवा. आजारी भिक्खू एकटा पडला होता, त्याच्या जवळपास कोणी नव्हते, तेव्हा तथागतांनी आनंदांना सोबत घेऊन स्वतः त्याला धुतले-पुसले, ही कथा आपण दरवर्षी ऐकतो. ती ऐकून घरी गेल्यावर शेजारच्या भिंतीपलीकडून कण्हण्याचा आवाज आला तर उठायचे की कूस बदलायची, हे ज्याचे त्याने ठरवावे.

दादांनो, हे पान तुम्हीही वाचता, म्हणून तुम्हाला एकच सांगणे. बायको रात्री पोट धरून बसली तर "सकाळी बघू" म्हणू नका. उठा, दिवा लावा, तिचे डोळे बघा, दुखते कुठे ते विचारा.

आणि माझ्या बाळंतीण बहिणी, तुझ्या बाळाला सर्वांत आधी तू हवी आहेस. दुखते आहे हे सांगताना लाजू नकोस. "पित्त झालंय" म्हणू नकोस. बोट ठेवून दाखव : इथे दुखतंय, इतका वेळ दुखतंय, इतक्या वेळा दुखलंय. बाकीचे आम्ही बघू.

जयभीम. नमो बुद्धाय.